कंठमणी हलला पाह्यजे

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, ते मला पाठ आहे. नोकरी कुठे, लग्न झालं का, अंडी खाता का, मित्र फार येतात का. अमरावतीच्या माझ्या घरमालकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, समोर ज्वारीची भाकर, झुणका आणि हिरवा ठेचा ठेवला, स्वतः खुर्ची ओढून समोर बसले, चष्मा धोतराला पुसला आणि म्हणाले, "जेवा."

मी म्हटलं, "अहो, मी जेवून आलोय."

"मंग तं बरंच हाय. भूक नसताना कसे जेवता, तेच पाह्यचं हाय."

मी जेवलो. काय करतो? माणूस परगावी बिनघराचा असला की सांगाल तिथे सांगाल ते खातो. पण मी जन्मात असा जेवलो नाही. मालकांची नजर माझ्या ताटावर नव्हती, तोंडावर नव्हती, थेट गळ्यावर होती. मी घास गिळला की त्यांची हनुवटी वर जायची आणि माझ्या कंठमण्याबरोबर खाली यायची. भाकर संपली तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखा घाम फुटला होता.

"घास लहान हाय," त्यांनी निकाल दिला. "चावनं सासुरवाडीत बसल्यासारखं हाय. पन गिळता खरं. हे घ्या चाबी."

माझ्या आधी एक प्राध्यापक येऊन गेले होते म्हणे. चांगला पगार, चांगली माणसं, सोबत कपाटभर पुस्तकं. त्यांना खोली मिळाली नाही. का, तर त्यांनी झुणका चमच्याने खाल्ला. "चमच्यानं!" मालक सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज राजापेठपर्यंत जायचा. "उद्या घराले आग लागली तं हा मानूस बादलीनं पानी टाकन का पेल्यानं?"

मला वाटलं, घरमालक जेवणाचे शौकीन आहेत. चूक. ते सिनेमाचे शौकीन होते. शौकीन हाही शब्द लहानच. अमरावतीत सिनेमाचे शौकीन चहाच्या टपरीगणिक सापडतात. आमचे मालक सिनेमाचे न्यायाधीश होते. त्यांची नटनट्यांची स्वतःची क्रमवारी होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पक्की, आणि ती त्यांनी एकाच कसोटीवर लावली होती. पडद्यावर माणूस जेवतो कसा.

"रडनं कोनीबी करते, बाप्पा," ते म्हणायचे. "माही म्हैस बी रडते. नाचनं शिकवता येते. मारामारी असली तं उड्या माराले दुसरा मानूस लावते. पन जेवाले बदली मानूस भेटत नाही. घास तोंडात घालूस्तोर सारेच नट. मंग समजते. कंठमणी हलला पाह्यजे!"

ही कसोटी ऐकली तेव्हा मी हसलो. महिनाभराने मी स्वतः सिनेमा बघताना लोकांचे गळे बघू लागलो. आजही बघतो. चांगल्या भल्या माणसाचं डोकं कसं फिरवावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

मालकांबरोबर सिनेमाला जाणं हे धाडस होतं. ते नव्या वातानुकूलित थेटरातसुद्धा अगदी पहिल्या रांगेचं तिकीट मागायचे. काउंटरवरची पोरगी बिचारी म्हणायची, "काका, मागं पूर्ण रिकामं आहे." काका म्हणायचे, "मांगून गळा दिसत नाही, बाई." मग आम्ही दोघं पडद्याच्या पायथ्याशी, माना इतक्या वर करून की डोक्यावर टोपी असती तर मागच्याच्या मांडीवर पडली असती. बाहेर आल्यावर चार दिवस मला रस्त्यावरची माणसं दिसायची नाहीत, फक्त विजेच्या तारा दिसायच्या.

एकदा काय झालं, नायकाची आई मरत होती. थेटरभर मुसमुस. नायक आईला वाटीतून वरणाचं पाणी पाजतो, शेवटचा चमचा, आई डोळे मिटते. संगीत थांबलं. शेकडो माणसं श्वास धरून बसलेली. आणि पहिल्या रांगेतून मालकांचा आवाज आला:

"नाई गिळलं! गालात ठेवलं हाय!"

खोटं नाही सांगत, अख्ख्या थेटराने रडणं थांबवलं आणि त्या मेलेल्या बाईच्या गालाकडे पाहिलं. आणि गाल फुगलेला होता! मागून कोणीतरी ओरडलं, "हाय बे, हाय! डाव्या गालात!" पुढचा सगळा शोकाचा प्रसंग लोकांनी ते वरण केव्हा बाहेर येतं याची वाट बघत काढला. नायक छाती पिटत होता, त्याच्याकडे कोण बघतं?

रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर दरबार भरायचा. आतल्या टीव्हीचं तोंड खिडकीकडे फिरवलेलं, हातात संत्री तोडायची बांबूची काठी. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग होती. बागेचा कारभार आता पुतण्या बघायचा, पण काठी ते घेऊन आले होते. मोबाइलवरून सिनेमा टीव्हीवर लावायचा, जेवणाच्या जागी थांबवायचा आणि काठीचं टोक नटाच्या गळ्यावर ठेवायचं. "पाह्य आता. हा गेला खाली. गेला का? गेला!" ओट्यावरचे भाजीवाले, पेन्शनर, दूधवाला, सगळे एकदम गिळायचे.

क्रमवारीत बाई-पुरुष असा भेद नव्हता. "भूक काय साडी-पँट पाहून लागते काय?" दुसऱ्या क्रमांकावर एक नटी होती. ती एका सिनेमात नवऱ्याशी कडकडून भांडत असते आणि भांडता भांडता समोरची गरम भजी खात असते. मालकांचं म्हणणं, भजं खरं गरम होतं, बाईची जीभ खरी पोळली आणि तिने शिवी त्या रागात दिली. "लिहिनाऱ्यानं शिवी लिहिली असंन. पन चटका तिनं स्वतःचा घातला." तिसरा एक खलनायक. तो संत्रं सोलायचा. बागाईतदार माणूस संत्र्याच्या बाबतीत कोणालाच सोडत नाही, पण याच्यापुढे मालक हात जोडायचे. "असा सोलते, जसा कोनाचा गळा सोलून रायला. अन् फोड तोंडात टाकली का बी काढते! खलनायक असून बी काढते! बाकीचे लेकाचे बियासगट गिळते. शहरातले!"

चौथा दक्षिणेचा, केळीच्या पानावर भात कालवणारा. त्याचं मराठीत की हिंदीत काय बोलणं जोडलंय, ते ओठाला जुळतं की नाही, याच्याशी मालकांना देणंघेणं नव्हतं. "जेवनाची भाषा एकच हाय. जेवताना तो शेंदूरजन्याचाच वाटते."

आणि पोटावर सहा-सहा घड्या पाडणारे हिरो? ते यादीतच नव्हते. "पोट दाखवाले ज्यानं महिनोन्‌महिने अन्न सोडलं, त्यानं उपाशी गरिबाचा सीन करावा अन् मी तिकीट काढून पाहावा? मी काय बयाड हाय?"

आता पहिला कोण? इथे सगळं गाव हसायचं. पहिला होता एक म्हातारा नट. त्याचं नाव ओट्यावर कुणालाच येत नव्हतं, कारण सिनेमातल्या नावांच्या पाट्यांमध्ये ते नेहमी वाचता येणार नाही इतक्या वेगात जायचं. मालक त्याला 'मुनीम' म्हणायचे, कारण त्यांनी त्याला पहिल्यांदा मुनिमाच्या कामात पाहिलं होतं. हा मुनीम कधी नायिकेचा बाप असायचा, कधी हवालदार, कधी देवळाचा पुजारी, आणि काहीही असला तरी मध्यंतराच्या आत मरायचा. पण एका सिनेमात तो तुरुंगातून सुटून घरी येतो. घरात कोणी नाही. चुलीपाशी पातेल्यात थंड खिचडी. तो उभ्याउभ्या पातेल्यातून खातो, आणि एका घासाला त्याचा गळा अडकतो. बस. एवढंच काम. मग तो मरतो.

हा प्रसंग मालकांनी किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही. दर वेळी मुनिमाचा घास अडकला की मालक स्वतःच्या छातीवर थोपटायचे. एकदा तर काकूंनी आतून पाण्याचा तांब्या आणून टीव्हीसमोर ठेवला. "द्या त्याले," म्हणाल्या, "नाई तं तुमीच मरसान."

काकू म्हणजे मालकांची बायको. सिनेमा बघत नसत. त्यांचं म्हणणं, नवरा अख्खा सिनेमा जेवणाकडे बघतो आणि घरी ताटाकडे न बघता जेवतो.

आता यात विरोधी पक्ष आला नसता तर गंमत नव्हती. तो अकोल्याहून आला. मालकांची एकुलती एक मुलगी अकोल्याला दिली होती. मुलीचे सासरे म्हणजे मालकांचे व्याही. आमच्याकडे म्हणतात इवाई. इवाईंचं अकोल्यात कापडाचं दुकान, माणूस गोरापान, बोलणं मऊ, आणि घात असा की त्यांचीही यादी होती! त्यांची कसोटी अश्रू. खरं पाणी की बाटलीतलं, हे ते मागच्या रांगेतून ओळखायचे. त्यांचा पहिला नट म्हणजे असा एक हिरो, जो दर सिनेमात भरल्या ताटावरून रडत उठतो.

"ताटावरून उठते!" मालक किंचाळायचे. "अन्नावरून उठनारा मानूस मले पैल्या हजारात नाही पाह्यजे!"

"अहो इवाईबुवा," इवाई मऊ आवाजात म्हणायचे, "जेवनं तं जनावर बी करते. रडाले काळीज लागते."

लग्नातच याची ठिणगी पडली होती म्हणतात. मुलीच्या पाठवणीला अकोलेकर रडणाऱ्यांचे डोळे तपासत फिरत होते आणि अमरावतीकर पंगतीत जेवणाऱ्यांचे गळे. नवरी बिचारी दोघांनाही घाबरून ना नीट रडली ना नीट जेवली. तेव्हापासून दर सणाला, दर बारशाला भांडण. अकोला-अमरावती अंतर दोन तासांचं. पण फोनवर इवाई बोलू लागले की मालक फोन कानापासून लांब धरून अकोल्याच्या वाटेवरच्या बडनेऱ्याच्या दिशेने हात हलवायचे, जणू तिकडून धूर येतोय.

मग ती बातमी आली. शेंदूरजनाघाटहून पुतण्याचा फोन. सिनेमावाले बाग मागत होते, एका दिवसाच्या शूटिंगला. झाडं लगडलेली, त्यांना मागे पिवळी संत्री हवी होती. मालक म्हणाले, "नाही." फळं झडतात, फांद्या मोडतात, एक ना दोन. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, बागेतल्या म्हाताऱ्या राखणदाराचं काम तो तुमचा मुनीम करून रायला. झाडाखाली बसून भाकर खाते, असा सीन हाय."

मालक खुर्चीवरून उठले ते सरळ उभेच राहिले. फोन बंद करायचंसुद्धा सुचलं नाही. पुतण्या तिकडून "हॅलो, हॅलो" करतोय, आणि मालक मला म्हणतात, "भाऊ, माह्या बागेत! माह्या झाडाखाली! माह्या ज्वारीची भाकर!"

त्यांनी अट एकच घातली. शूटिंग झाल्यावर मुनिमाने त्यांच्या पंगतीत जेवायला बसायचं. सिनेमावाल्यांना वाटलं, म्हातारा वेडा आहे. लगेच कबूल झाले.

ही बातमी अकोल्याला कोणी पोचवली, ते मी सांगत नाही. मी मूळचा अकोल्याचाच. इवाईंचा फोन दुपारच्या आत आला. मालकांनी फोन सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असा लावला.

"इवाईबुवा, लय वर्सं भांडलो आपन. आता डोयानं पाहू. तुमच्या मुनिमानं भाकर खरी गिळली, तं मी माही यादी बंद करतो. जन्मात सिनेमावर तोंड उघडनार नाही. अन् नाही गिळली तं तुमची बंद. रविवारचा ओटा बी बंद."

 दूधवाला उठून उभा राहिला. हे काय होतं, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाग पुतण्याकडे गेली, मुलगी अकोल्याला गेली, गुडघे गेले. मालकांकडे उरलं होतं ते हेच. त्या यादीसाठी लोक त्यांच्या ओट्यावर चढत होते.

"कबूल!" मालक ओरडले. इतक्या जोरात की फोनची गरज नव्हती, अकोल्यात तसंही ऐकू गेलं असतं.

शूटिंगच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. मालक, काकू, मी, आणि मोर्शीच्या रस्त्यावर मागून येऊन मिळालेले इवाई, पांढऱ्या कडक कपड्यांत, खिशात दुर्बीण. हो, दुर्बीण! बाग म्हणजे काय सांगू. त्या वर्षी झाडांना संत्री अशी लागली होती की पानं कुठे लावायची, हा झाडांना प्रश्न पडला होता. त्यात दिवे, छत्र्या, वायरी, खुर्च्या, आणि बांधावर बघ्यांची गर्दी. अख्खं शेंदूरजनाघाट संत्री तोडायचं सोडून गळा बघायला आलं होतं, कारण मालकांनी आठवडाभर आधी सगळ्यांना काय बघायचं ते शिकवून ठेवलं होतं.

मुनीम आला. पडद्यावर दिसायचा त्याहून बारीक, पाठीत थोडा वाकलेला, डोक्याला मळकट मुंडासं. मालकांनी त्याला नमस्कार केला नाही. हात छातीवर ठेवून ते नुसते बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "गळा पाह्यला? पडद्यावर दिसते त्याच्याहून चांगला हाय."

भाकर काकूंनीच थापलेली. सीन सुरू झाला. मुनीम झाडाखाली मांडी घालून बसला, फडकं सोडलं, भाकर मोडली, ठेच्याला लावली, आणि खाल्ली.

कसा जेवला! मी आजवर लग्नं जेवलो, तेरव्या जेवलो, भंडारे जेवलो, पण त्या माणसाने एका कोरड्या भाकरीत जे दाखवलं ते बत्तीस पक्वान्नांत नव्हतं. ठेचा लागला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आम्ही सगळे सुस्कारलो. बघ्यांतल्या एका बाईने चक्क पदराला डोळे पुसले. मालकांची हनुवटी वर गेली. इवाईंनी दुर्बीण लावली.

"कट!" डायरेक्टर ओरडला.

आणि एक माणूस निळी प्लास्टिकची बादली घेऊन धावत आला. मुनिमाने मान खाली घातली आणि तोंडातला सगळा घास बादलीत थुंकला. चूळ भरली. पुन्हा बसला. काकूंची दुसरी भाकर आली. पुन्हा तीच कमाल. पुन्हा "कट". पुन्हा बादली.

 मग इवाईंनी दुर्बीण खाली केली आणि त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला. "थुकलं! साऱ्याइनं पाह्यलं! यादी बंद! इवाईबुवा, बंद!"

मालक दोन झाडं सोडून तिसऱ्याच्या बुंध्याशी जाऊन बसले. बांबूची काठी बाजूला आडवी ठेवली. मी जवळ गेलो तर म्हणाले, "भाऊ, आतापावतर मी बादलीले पैला नंबर देऊन रायलो होतो."

त्यांना तसं बघून मला काही सुचेना. सुचलं ते काकूंना. जन्मात सिनेमा न बघितलेल्या काकू पदर खोचून थेट दिव्यांच्या उजेडात शिरल्या. कोणीतरी "अहो बाई, बाई" करत आडवा आला, त्याला बाजूला केला, आणि मुनिमासमोर उभ्या राहिल्या.

"काहो भाऊ, माही भाकर खराब होती काय?"

मुनिमाला मराठी कळत असावं. तो घाईने उठला. "अरे नहीं, बहनजी! ऐसी रोटी तो बरसों में नहीं खाई."

"खाल्ली कथी? थुकली!"

बघे हसले. मुनीम हसला नाही. "बहनजी, अभी यही सीन दोपहर तक चलेगा. हर बार निगलूँ, तो शाम को मेरी तेरहवीं का खाना आप ही को बनाना पड़ेगा."

"ते सारं तुमचं तुमी पाहा. पन तथी माहा नवरा बसला हाय. त्यानं तुमाले सगळ्या दुनियेत पैला नंबर देला. अन् तुमी त्याच्यासमोर अन्न थुकलं. त्याले काय सांगाचं ते तुमी सांगा."

मुनिमाने मालकांकडे पाहिलं. मग डायरेक्टरला हाताने थांबवून तो तसाच, मुंडाशासकट, चालत आला आणि मालकांच्या शेजारी मातीत बसला. मागोमाग अख्खी बाग आली. इवाई सगळ्यांत पुढे.

"पहला नंबर?" मुनिमाने विचारलं. "मुझे? किस पिक्चर के लिए?"

मालकांनी मान वर केली नाही. "खिचडी. जेलातून सुटून येता, पातेल्यातून खाता. ते बी थुकली काय?"

मुनिमाने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "नहीं. वो खा गया था."

"खा गया?"

"एक ही पतीला था खिचड़ी का. प्रोड्यूसर के पास दूसरे टेक का सामान नहीं था. और उन दिनों यूनिट में हम जैसों को खाना सबसे आख़िर में मिलता था. सुबह से कुछ खाया नहीं था. कैमरा चला, मैं सब भूल गया. डायलॉग भी. बस खाता गया." त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "वो जो अटका था न, वो सच में अटका था. सब लोग ताली बजा रहे थे, और मैं इशारे से पानी माँग रहा था. कोई समझा ही नहीं."

मालक ताडकन उठले. गुडघे बिडघे सगळे विसरले. "मी समजलो होतो! इचारा माह्या बायकोले! मी छातीवर थोपटत होतो! ऐकलं काय इवाईबुवा, पानी पाह्यजे होतं त्याले! पानी!"

"खोटं बोलून रायला तो," इवाई म्हणाले. "नट हाय. म्हाताऱ्या मानसाचं मन राखून रायला."

आम्ही सगळे मालकांकडे बघू लागलो. इवाईंचं म्हणणं अगदीच काही टाकाऊ नव्हतं. मालकांनी डोळे बारीक केले, काठी उचलली आणि तिचं टोक सावकाश मुनिमाच्या गळ्याकडे नेलं.

"इवाईबुवा, आता मी सांगतो ते कान देऊन ऐका. हा खरं बोलला असंन, तं त्यानं खिचडी गिळली, म्हनून पैला. अन् खोटं बोलला असंन, तं माह्यासारख्या मानसाच्या तोंडावर, माह्या बागेत, माह्याजवळ बसून असं खोटं बोलला का मले खरं वाटलं. मंग याच्याहून मोठा नट कोनता? इकडून बी पैला, तिकडून बी पैला!"

बघ्यांनी असा गलका केला की वरच्या फांदीवरून दोन संत्री पडली. एक डायरेक्टरच्या खांद्यावर.

इवाई हरले नाहीत. त्यांनी दुर्बीण लावली, मुनिमाच्या डोळ्यांवर, हातभर अंतरावरून. बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण खिशात घातली.

"पानी हाय," ते हळूच म्हणाले. "बाटलीतलं नोहे."

"मंग?"

"मंग काय. बोललो तसं करतो. माही यादी बंद."

मालकांचा चेहरा एकदम पडला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी त्यानंतर पाहिलेला नाही. "बंद? मंग सणासुदीले मी भांडू कोनासंगं? चूप बसा. यादी चालू ठेवा. फक्त याले तुमच्यात बी जागा द्या."

"देतो. सातवा."

"सातवा? डोयात पानी पाहून सातवा?"

आणि दोघं तिथेच, दिवे, कॅमेरे, छत्र्यांच्या मधोमध, जुंपले. सिनेमावाले घड्याळं बघत होते. काकूंनी शेवटी दोघांना ओढून पंगतीत बसवलं. उखळीतल्या मसाल्याची वांग्याची भाजी, घट्ट वरण आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वरून करपलेले, आतून मऊ रोडगे. मुनिमासाठी त्यांनी रोडगा स्वतःच्या हाताने फोडला आणि त्याच्या खळग्यात तूप ओतलं. बादलीवाला माणूस सवयीने मागे येऊन उभा राहिला होता, त्यालाही ताट वाढलं.

मुनीम जेवायला लागला. आणि मी पैजेवर सांगतो, तो अगदी साधा जेवला. घाईघाईने, मान खाली घालून, तुमच्या-माझ्यासारखा. कानांच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत, कोणी सुस्कारलं नाही. पण रोडगे एकामागून एक असे गेले की पुतण्याला दुसरी परात आणावी लागली.

खाता खाता त्याने विचारलं, "भैया, दूसरे नंबर पर कौन है?"

मालकांनी भज्यांवाल्या नटीचं नाव सांगितलं.

मुनिमाने घास खाली ठेवला. "उसका तो पहला बनता है. मैंने उसके साथ काम किया है. और वो संतरेवाला भी मुझसे ऊपर होना चाहिए. सच कहूँ तो मैं अपने आपको पाँचवाँ भी..."

"ओ!" मालकांनी त्याच्या ताटात आणखी एक रोडगा आपटला. तूप उडालं. "तुमी गप जेवा. तुमाले ॲक्टिंगमधलं काय समजते? नंबर आमी ठरवतो."